गोंदण, कानटोचणी व सौंदर्य व्यवसाय : परवाने आणि स्वच्छता (सातारा जिल्हा)

गिऱ्हाइकाच्या त्वचेवर सुई, पाते, मेण, दोरा किंवा रसायन चालवणारे टॅटू स्टुडिओ, ब्युटी पार्लर, केशकर्तनालये आणि कान-नाक टोचणारे सोनार यांना लागू होणारे नियम. असा एकच, खास या धंद्यांसाठी केलेला कायदा महाराष्ट्रात नाही. दुकान, कामगार, सौंदर्यप्रसाधने, कचरा आणि ग्राहक यांच्यासाठी केलेल्या निरनिराळ्या कायद्यांतून जे लागू पडते, तेच इथले नियम.

साताऱ्यात ही कामे जुनीच आहेत. जत्रेत गोंदणारणीपुढे हात धरून बसलेल्या बायका आणि ‘कान सोनारानेच टोचावेत’ ही म्हण, दोन्ही या मुलखाच्या ओळखीच्या. आता हातावर राजमुद्रा किंवा ‘आई’ कोरून घेणारी पोरे आणि भिकबाळीसाठी कानाची वरची पाळी टोचून घेणारे तरुण आले. मांढरदेव, पाल, शिखर शिंगणापूर अशा ठिकाणच्या यात्रांत बॅटरीवरचे यंत्र घेऊन बसणाऱ्याचा मुक्काम चार दिवसांचा. त्याला नोंदणीत पकडणे कोणत्याही कार्यालयाला जड जाते.

कायम दुकानाचा पहिला कागद म्हणजे बोलीभाषेतले ‘शॉप ॲक्ट’. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ च्या मूळ तरतुदीनुसार दहापेक्षा कमी कामगार असतील तर ऑनलाइन सूचना देणे पुरत असे, दहा किंवा अधिक असतील तर नोंदणी लागे. एका खुर्चीचे पार्लर म्हणजे फक्त सूचना. या कागदाचा संबंध कामाचे तास, सुट्टी, हजेरी यांच्याशी. सुई उकळली की नाही हे तो विचारत नाही. तरीही चौकटीत घालून भिंतीवर टांगलेला शॉप ॲक्ट पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होते, हा मोठाच गैरसमज. व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने वेगळा. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा, म्हणजे सौंदर्योपचारांचा, अभ्यासक्रम आहे, पण तो केल्याशिवाय पार्लर उघडता येत नाही असे नाही.

धोका रक्ताचा आहे. हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही विषाणू वापरलेल्या सुईतून पसरू शकतात. त्यांतला हेपॅटायटिस बी शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, म्हणून सुई कोरडी दिसली तरी ती निर्धोक नसते. सुई एका गिऱ्हाइकापुरती आणि तिचे सीलबंद पाकीट त्याच्यासमोरच फोडावे. रंगही छोट्या टोपणात काढून घ्यायचा. उरलेला परत बाटलीत गेला तर नव्या सुईचा उपयोग शून्य. पुन्हा वापरायच्या धातूच्या साधनांना ऑटोक्लेव्ह लागतो : १२१ अंश सेल्सियस, दर चौरस इंचाला १५ पौंड दाबाची वाफ, १५ ते २० मिनिटे. स्वयंपाकघरातल्या कुकरचेच हे तत्त्व. अनेक पार्लरांत दिसणारी निळ्या दिव्याची पेटी स्वच्छ साधने ठेवायला ठीक, ती साधने निर्जंतुक करत नाही. कान टोचायच्या प्लास्टिकच्या बंदुकीला तर वाफेची उष्णता सोसतच नाही. बुगडी किंवा भिकबाळीसाठी कूर्चा, म्हणजे कानाचे मऊ हाड, टोचली जाते. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे संसर्ग झाला तर कान वाकडा होईपर्यंत चिघळतो.

भुवया कोरताना दोऱ्याचे टोक दातांत धरायची सवय साध्याशा पार्लरपासून महागड्या सलूनपर्यंत सगळीकडे आहे. थ्रेडिंगमधून चामखीळ पसरल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. दोरा मानेत अडकवूनही काम होते.

सलूनच्या स्वच्छतेचे राज्यभर लागू झालेले लेखी नियम लोकांना ठळकपणे दिसले ते करोनाकाळात. २८ जून २०२० पासून दुकाने उघडली तेव्हा एकदाच वापरायचे टॉवेल आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर हत्यारांची सफाई सक्तीची होती. दाढीला परवानगी नव्हती. साथ ओसरली आणि टॉवेल पुन्हा खांद्यावर आला.

सौंदर्यप्रसाधनांवर अन्न व औषध प्रशासनाची नजर असते, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे कॉस्मेटिक्स नियम यांच्या आधारे. केसांच्या रंगात पॅरा-फेनिलिनडायमिन हे रसायन असेल तर आधी त्वचेवर चाचणी करण्याची आणि पापण्या-भुवयांना न लावण्याची सूचना वेष्टनावर हवी. लेझर, बोटॉक्स हे वैद्यकीय काम, पार्लरचे नव्हे.

सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या इथल्या मुलांनी एक गोष्ट आधीच पाहावी. भूदल साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे एवढ्याच जागी गोंदण चालवून घेते. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे. रक्तदानासाठीही २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार टॅटू किंवा टोचणीनंतर १२ महिने थांबावे लागते. गणेशोत्सवातल्या शिबिरात पोरे परत पाठवली जातात ती बहुधा यामुळेच.

बाधा झालीच तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगात दाद मागता येते. पावती मात्र हवी, आणि ती क्वचितच कोणी मागते. जीवघेण्या रोगाचा संसर्ग निष्काळजीपणाने पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७१ खाली गुन्हा आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत सुया-पात्यांसाठी पांढरा, अर्धपारदर्शक, आरपार न टोचणारा डबा सांगितला आहे. दवाखान्यांत तो दिसतो. कागदात गुंडाळलेली टॅटूची सुई किंवा दाढीचे अर्धे पाते मात्र घंटागाडीत पडते, आणि ते वेचणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा मोजाही नसतो.