पालक-शाळा सहभाग (विशेष शिक्षण)

विशेष गरजा असलेल्या मुलाचे मूल्यमापन, उद्दिष्टे व प्रशिक्षण यांविषयीचे निर्णय पालक आणि शाळेने मिळून घेण्याची पद्धती. नुसती पालकसभा या संज्ञेत धरत नाहीत.

संकल्पनेच्या उगमाविषयी एकमत नाही. बरेचदा ती इंग्लंडमधील वॉर्नक समितीच्या अहवालापर्यंत (१९७८) नेली जाते. पालकांना भागीदार मानणारे स्वतंत्र प्रकरण त्यात आहे. तथापि अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने वैयक्तिक शैक्षणिक योजना ठरवणाऱ्या बैठकीत पालकांना त्याआधीच स्थान दिले होते. त्याहूनही आधी, १९६९ च्या सुमारास, विस्कॉन्सिनमधील पोर्टेज प्रकल्पात शिक्षक घरी जाऊन आईवडिलांनाच शिकवण्याचे तंत्र देत. कायद्याने हक्क दिला, पोर्टेजने कौशल्य. त्यामुळे एकाच उगमाचा आग्रह फारसा टिकत नाही.

भारतात शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक व वंचित घटकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व ठरवून दिले. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग मुले या घटकात आली. विनाअनुदानित खाजगी शाळा मात्र या समितीच्या तरतुदीबाहेर आहेत. दिव्यांग हक्क कायद्याचे (२०१६) १६ वे कलम शाळांची कर्तव्ये सांगते, पालकांविषयी मौन पाळते. प्रत्यक्षात सहभाग कायद्यापेक्षा मूल्यमापनाच्या पडताळासूचीतून (मुलाला काय जमते हे नोंदवण्याच्या यादीतून) येतो, असे म्हणणे अधिक सयुक्तिक. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेच्या (स्थापना १९८४; आता राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्था) सूचीत वैयक्तिक, सामाजिक, शैक्षणिक, व्यावसायिक व मनोरंजन ही क्षेत्रे आहेत. जेवण, शौच, कपडे घालणे या बाबी घरच्यांना विचारल्याशिवाय नीट भरता येत नाहीत, आणि शाळेत बटण लावण्याचा जो क्रम शिकवला तोच घरी न पाळल्यास मूल गोंधळते.

ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ शाळा व नवी मुंबई महापालिकेचे वाशीतील दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र ही ठाणे-नवी मुंबई परिसरातील सार्वजनिक उदाहरणे. वरील राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र खारघरला आहे. खारघर नवी मुंबईचा भाग असले तरी जिल्हा रायगड. हा भेद मूल १८ वर्षांचे झाल्यावर जाणवतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांसाठीच्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार (१९९९) कायदेशीर पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीपुढे येतो. वाशीकरांची समिती ठाणे जिल्ह्याची, खारघरकरांची रायगडची.