पॅनोरमा जोडणारी सॉफ्टवेअर: गणित, पेटंट आणि सांधे

कॅमेरा एकाच जागी ठेवून नुसता फिरवला, तरी एकच खिडकी एका फोटोत उजव्या कडेला ताणलेली येते आणि पुढच्या फोटोत डाव्या कडेला, उलट दिशेने ताणलेली. त्यामुळे कडेला कड लावून पॅनोरमा होत नाही. प्रत्येक फोटो आधी एका काल्पनिक गोलाच्या आतल्या बाजूवर बसवावा लागतो आणि मग तो गोल सपाट उलगडावा लागतो. यात तीन कामे येतात: फोटोंमधले समान बिंदू शोधणे, त्यांवरून कॅमेऱ्याचे कोन आणि लेन्सचा दोष काढणे, आणि शेवटी सांधा लपवणे. ही कामे एकाच घरात किंवा एका क्रमाने सुटली नाहीत. आजची सॉफ्टवेअर सुट्या तुकड्यांची बनलेली दिसतात, त्याचे कारण या इतिहासात आहे.

१९९५ मध्ये ॲपलच्या क्विकटाइम व्हीआरमुळे माउसने फिरवून बघायचा पॅनोरमा साध्या संगणकांवर पोहोचला. पण तेव्हा चित्र दंडगोलावर बसवलेले असे. डोक्यावरचे छत आणि पायाखालची जमीन त्यात मावत नसे. खरी उडी १९९८ मधली. जर्मनीत फुर्टवांगेन येथे प्राध्यापक असलेल्या हेल्मुट डेर्श यांनी ‘पॅनोरमा टूल्स’ हा संच फुकट उपलब्ध करून दिला.

संचाचे रूप रुक्ष होते: एक साधी मजकुराची फाइल, तिच्यात प्रत्येक फोटोची एक ओळ. त्या ओळीत आडवा दृश्यकोन, कॅमेरा डावी-उजवीकडे, वर-खाली आणि स्वतःभोवती किती वळला ते तीन कोन, आणि लेन्सच्या वक्रतेचे ए, बी, सी हे तीन आकडे. ‘सी’ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे एक कंट्रोल पॉइंट, म्हणजे दोन फोटोंमधला एक समान बिंदू: कोणत्या दोन फोटोंत, आणि प्रत्येकात कोणत्या एक्स-वाय ठिकाणी. सगळ्या बिंदूंची एकत्रित चूक कमीत कमी होईपर्यंत ऑप्टिमायझर हा संचाचा गणिती भाग फोटोंच्या ओळींतले आकडे हलवत राहतो. हगिन या मुक्त पॅनोरमा सॉफ्टवेअरची पीटीओ फाइल आजही मजकूर-संपादकात उघडली की जवळपास हीच मांडणी दिसते.

सगळे आकडे पहिल्याच फेरीत मोकळे सोडले की घोटाळा होतो. बिंदू थोडे असतील तर ऑप्टिमायझर लेन्सचा भलताच दोष ‘शोधून’ चूक कमी दाखवतो आणि क्षितिज लाटेसारखे वळते. म्हणून एक फोटो खुंटीसारखा स्थिर ठेवून आधी फक्त कोन, मग दृश्यकोन, मग बी. ए आणि सी तेव्हाच, जेव्हा बिंदू फोटोच्या कोपऱ्यांपर्यंत पसरलेले असतील. ३६० अंशांची फेरी पूर्ण असेल तर दृश्यकोन नेमका सापडतो, कारण फेरी बंद व्हावीच लागते. तीन फोटोंच्या पट्टीत मात्र तो बराचसा अंदाजच असतो.

मग पेटंट आडवी आली. फिशआय, म्हणजे अतिशय रुंद दृश्यकोनाच्या लेन्सने काढलेल्या, फोटोंपासून पूर्ण गोल पॅनोरमा करण्यावर आयपिक्स या अमेरिकी कंपनीने हक्क सांगितला. डेर्श यांनी फिशआयचा दृश्यकोन १६० अंशांवर अडवला, आणि २००१ मध्ये संचाचे काम व वितरण थांबवले. बराचसा सोर्स कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला होता, पण प्रत्यक्ष जोडणी करणारा पीटीस्टिचर त्यात नव्हता. ही मोकळी जागा इतरांनी आपापल्या परीने भरली. पीटीजीयूआय हे या संचाचा दर्शनी भाग म्हणून सुरू झालेले व्यावसायिक सॉफ्टवेअर पुढे स्वतःच्या इंजिनावर गेले. पाब्लो दांजेलो यांनी सुरू केलेल्या मुक्त हगिनमध्ये पीटीस्टिचरच्या जागी ‘नोना’ आला. आयपिक्सने २००६ मध्ये दिवाळखोरी पत्करली.

एवढे होऊनही बिंदू हातानेच लावावे लागत: फोटोंच्या प्रत्येक जोडीला आठ-दहा, तेही पसरून. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सिफ्ट पद्धतीने हे चित्र पालटले. फोटो फिरला, लहान-मोठा झाला किंवा उजेड थोडा बदलला, तरी तोच बिंदू तिला ओळखता येतो. चुकीच्या जोड्या गाळायला रॅनसॅक ही १९८१ मधली युक्ती होतीच. मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी २००३ मध्ये दोन्हींचा मेळ घालून दाखवला: फोटोंचा विस्कटलेला ढीग द्या, कोणते एकमेकांचे ते सॉफ्टवेअर ठरवील. ऑटोस्टिच हे सॉफ्टवेअर त्यातून आले. पण सिफ्टवरही पेटंट होते, म्हणून हगिनच्या मंडळींनी २०१० च्या सुमारास ‘सीपीफाइंड’ हा स्वतःचा शोधक बसवला. सिफ्टचे पेटंट २०२० मध्ये संपले. तोवर पर्याय रुळले होते.

आपोआप सापडलेले बिंदू मात्र डोळे झाकून घेऊ नयेत. ढग, पाने आणि पाणी फोटोंमधल्या अवधीत हलतात, आणि त्यांवरचे बिंदू सगळे गणित ओढून नेतात. चुकांची यादी उतरत्या क्रमाने लावून वरचे बिंदू आधी तपासणे हा सगळ्यात जलद उपाय.

सांधा लपवण्याचे गणित गंमत म्हणजे बरेच जुने. बर्ट आणि एडलसन यांनी १९८३ मध्ये चित्राचे थर पाडले: आकाशाच्या रंगासारखे संथ बदल रुंद पट्ट्यात मिसळायचे, विटांच्या रेघांसारखे बारीक तपशील अरुंद पट्ट्यात. मुक्त पॅनोरमा संचात ते अँड्र्यू मिहाल यांच्या एनब्लेंडमधून आले, ते २००४ मध्ये. उजेडातला थोडा फरक एनब्लेंड सहज गिळतो. सांध्यावरून चालत गेलेला माणूस अर्धा कापला जातो, तेव्हा कोणत्या फोटोचा कोणता भाग घ्यायचा ते ठरवणारा मास्क हाताने रंगवावा लागतो.

यांपैकी कशानेही पूर्ण न सुटलेली अडचण पॅरलॅक्सची: कॅमेरा सरकला की जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीपुढे जागा बदलते. कॅमेरा तळाच्या स्क्रूभोवती फिरवला आणि लेन्सचा प्रवेशबिंदू, म्हणजे प्रकाश जिथून आत शिरतो असे भासते ती जागा, त्यापासून ८ सेंमी पुढे असला, तर ४० अंशांच्या वळणात तो सुमारे साडेपाच सेंमी सरकतो. ६० अंशांच्या, ४००० पिक्सेल रुंद फोटोत १ मीटरवरची खुर्ची दूरच्या पार्श्वभूमीपुढे साधारण २०० पिक्सेल हलते. १०० मीटरवरचे झाड जेमतेम दोन. म्हणून डोंगरांची रांग हातात कॅमेरा धरूनही जुळते, पण खोलीसाठी प्रवेशबिंदूभोवती फिरणारे पॅनोरमा हेड लागते. फोन सलग अरुंद पट्ट्या घेतात, त्यामुळे दोन पट्ट्यांमधले सरकणे फार थोडे असते. पण कॅमेऱ्यासमोरून चालणारा माणूस तिथे लांबतो, आखडतो किंवा तुटतो.