मंद आणि लहरी वाऱ्यासाठी पॉवर काइटची निवड

पॉवर काइट : उडवणाऱ्या माणसाला, त्याच्या चाकांच्या बोर्डाला किंवा तीनचाकी बगीला ओढून नेईल इतका जोर देणारा मोठा कापडी पतंग. तो दोन ते पाच दोऱ्यांवर हाताळतात. संक्रांतीच्या पतंगासारख्या काड्या त्यात सहसा नसतात. बहुतेक पतंगांत कापडाच्या दोन थरांमधल्या कप्प्यांत समोरून हवा शिरते आणि तीच पतंगाला आकार देते. ही रचना अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास केलेल्या पॅराफॉइलपासून आली. न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी १९९० च्या आसपास हलकी बगी आणली आणि पतंगाने गाडी ओढण्याचा खेळ समुद्रकिनाऱ्यांवर रुजला. पतंगाचे आकार, दोऱ्यांची लांबी, विक्रेत्यांचे तक्ते हे सगळे त्यामुळे किनाऱ्यावरच्या वाऱ्याला धरून ठरले. समुद्रापासून दूर, माळावर, तेच तक्ते फसवतात.

खारा वारा सपाट पाण्यावरून येतो, म्हणून सलग असतो. माळावरचा वारा झाडे, घरे आणि टेकाडे ओलांडून येतो. अडथळ्यामागे त्याच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत हवेत भोवरे राहतात. १० मीटर उंच कडुनिंबांची रांग असेल तर तिच्यामागचे १०० मीटर रान पतंगासाठी वाया गेले असे धरावे. दुसरे कारण ऊन. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा लोट उठला की भोवतालची हवा त्याच्याकडे धावते. वारा काही मिनिटे एका अंगाने येतो, पडतो आणि मग दिशा बदलून पुन्हा येतो. उन्हाळ्यातली वावटळ हे याच घडामोडीचे डोळ्यांना दिसणारे रूप. मोठे मैदान मिळाले म्हणून वारा सुधारतोच असे नाही. बर्लिनचा टेम्पेलहोफ विमानतळ २००८ मध्ये बंद झाला, २०१० पासून तो लोकांना खुला आहे आणि तिथे चाकांच्या बोर्डावर (लँडबोर्डवर) पतंग चालवतात. पण चहूबाजूंनी शहर असल्याने कडेच्या भागात वारा तुटकच मिळतो.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दख्खनच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर आणि ३० अंश तापमानात, हवेची घनता घनमीटरला १.१ किलोच्या आसपास असते. समुद्रसपाटीवरच्या प्रमाण घनतेपेक्षा साधारण दहा टक्के कमी. तिथे सेकंदाला ३ मीटर, म्हणजे ताशी ११ किलोमीटरच्या वाऱ्यात ५ चौरस मीटरचा पतंग एका जागी धरला तर ओढ जेमतेम अडीच किलोची. तोच पतंग आडवा पळवला आणि त्याला लागणारा वारा तिप्पट झाला, तर ओढ नऊपट होते, सुमारे २३ किलो. म्हणजे मंद वाऱ्यात जोर येतो तो पतंगाच्या पळण्यातून. आता झोत आला आणि वारा फक्त दुप्पट, ताशी २२ किलोमीटर झाला. स्थिर पतंगाची ओढ १० किलो होते, पळत्या पतंगाची ९० किलोच्या घरात जाते. पाऊणशे किलोचा माणूस तेवढ्याने जमिनीवरून उचलला जाऊ शकतो. हिशेब ढोबळ आहे, पण निवडीचा पाया हाच : पतंगाचा आकार झोतावरून ठरवायचा, सरासरीवरून नव्हे.

त्यासाठी हातातला वेगमापक डोक्याच्या उंचीवर धरून किमान दहा मिनिटे वारा मोजतात आणि सर्वांत कमी, सरासरी व सर्वांत जास्त असे तीन आकडे टिपतात. झोत सरासरीच्या दीडपटीच्या आत असेल तर कोणत्याही प्रकारचा पतंग चालतो. दीडपट ते दुपटीत फक्त डीपॉवर, म्हणजे उडता उडता ओढ कमी करता येणारा, पतंग घ्यावा. दुपटीच्या पुढे कमरेला बांधायच्या पट्ट्याला (हार्नेसला) पतंग अडकवू नये. वेगमापक नसेल तर झाडाकडे बघावे : पाने नुसती सळसळत असतील तर वारा ताशी ६ ते ११ किलोमीटर, पाने आणि काटक्या सतत हलत असतील तर १२ ते १९, धूळ व कागद उडू लागले की २० च्या वर.

प्रकारांपैकी स्थिर ब्रायडलचा चारदोरी फॉइल, म्हणजे कप्प्यांचा कापडी पतंग, सर्वांत साधा आणि स्वस्त. पतंगाच्या पोटाशी दोऱ्यांची जी गुंफण असते ती ब्रायडल. ती स्थिर असली की पतंगाचा वाऱ्याशी होणारा कोन उडता उडता फारसा बदलता येत नाही. झोत आला की सगळी ओढ हातांवर येते. मुठी सोडल्यावर मनगटाच्या पट्ट्यांमुळे फक्त ब्रेकच्या, म्हणजे पतंगाच्या मागच्या कडेच्या, दोऱ्या ताणल्या जातात आणि पतंग निपचित पडतो. हे पट्टे नसतील तर असा पतंग माळावर नेऊच नये. डीपॉवर पतंगात बार (दोऱ्या जोडलेला हातातला दांडा) पुढे ढकलला की कोन कमी होऊन ओढ लगेच उतरते. लहरी वाऱ्यात हाच गुण सर्वांत मोलाचा, आणि पैसे मोजायचे तर यासाठी मोजावेत.

मंद वाऱ्यासाठी डीपॉवर पतंगांतही एकपदरी, म्हणजे सिंगल स्किन, पतंग विशेष उपयोगी पडतो. त्यात खालचा थर जवळजवळ नसतो, त्यामुळे तो हलका असतो. कप्पे भरायची वाट न बघता झुळकेवर उठतो, मिटला तरी पटकन उघडतो. वारा वाढला की तो फडफडतो, आणि दुपदरी पतंगाइतका वेग देत नाही. झडपा असलेला बंद कप्प्यांचा पतंग वारा पडला तरी आकार धरून ठेवतो, पण तो वजनदार असतो आणि उडवण्याआधी भरून घ्यावा लागतो. पंपाने फुगवायचा पतंग पाण्यासाठी उत्तम. माळावर त्याची फुगीर जड कड झुळूक थांबताच पतंगाला खाली आणते, आणि बाभळीचा एक काटा नळीला पुरतो.

लांबीरुंदीचे गुणोत्तर (अ‍ॅस्पेक्ट रेशो) विक्रेते कौतुकाने सांगतात. पाचच्या पुढचा लांबुळका पतंग वेगवान असतो, पण तुटक हवेत त्याची टोके आधी मिटतात आणि दोऱ्यांत गुंततात. माळासाठी तीन ते चारच्या दरम्यानचा, थोडा आखूड आणि जाड पतंग बरा.

बिघाड दोन प्रकारचे होतात, आणि त्यांचे उपाय परस्परविरुद्ध आहेत. झोत ओसरताना पतंग आपल्या वेगानेच पुढे धावतो, डोक्यावरून पलीकडे जातो, पुढची कड आत मुडपते आणि दोऱ्या सैल पडतात. अशा वेळी ब्रेक किंचित ओढून चार पावले मागे सरकायचे, म्हणजे दोऱ्यांत ताण येतो. सैल दोऱ्यांवर पुढचा झोत आदळला तर बसणारा हिसका खांद्याला महागात पडतो. दुसऱ्या प्रकारात वारा मंदावतो, उडवणारा घाबरून बार जवळ ओढतो, पतंगाचा वेग मरतो आणि तो शेपटीकडून मागे घसरत खाली येतो. इथे बार सोडून पतंगाला पळू द्यावे लागते. शिकाऊ माणूस हमखास पहिल्याचा उपाय दुसऱ्याला करतो. वारा पडण्याच्या बेतात असताना पतंग थेट माथ्यावर न ठेवता एका बाजूला, जमिनीपासून ४५ ते ६० अंशांवर ठेवला तर दोन्ही टळतात.

दोऱ्या डायनीमा या मजबूत कृत्रिम धाग्याच्या, २० ते २५ मीटर लांबीच्या असतात. मोकळ्या गवताळ माळावर २० मीटर उंचीवरचा वारा २ मीटरवरच्या वाऱ्याच्या दीडपटीपर्यंत असू शकतो आणि तो कमी तुटक असतो. म्हणून वारा कमी पडतो असे वाटले की पतंग मोठा करण्याआधी दोऱ्या पाच मीटरने वाढवून बघाव्यात; पतंगाचे वळणे थोडे सावकाश होते, एवढाच तोटा. डायनीमाला काच लावायची नसते, मांजाशी तिचा संबंध नाही. तरीही ताणलेली दोरी कातडी चिरते. सुमारे १५० अंशांना ती वितळते, त्यामुळे पळत्या दोरीवर दुसरी एकाच जागी घासली की जळून तुटते.

पाऊणशे किलोच्या माणसासाठी ढोबळ माप असे : ताशी १० ते २० किलोमीटरमध्ये उभ्याने शिकायला ३ चौरस मीटर, टणक जमिनीवर बोर्ड ओढायला, झोत २२ च्या आत असेल तर, ८ ते ९ चौरस मीटरचा एकपदरी डीपॉवर, झोत २८ पर्यंत जात असेल तर ६ चा. ढेकळांच्या रानात चाक फिरत नाही म्हणून मोठा पतंग घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. तिथे रुंद, कमी हवेची चाके बसवावीत.

दख्खनवर सायंकाळचे चार ते सूर्यास्त ही वेळ भर दुपारपेक्षा बरी. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसताच पतंग आवरावा. ढगाखालून सुटणारा सोसाट्याचा वारा पाऊस पोचण्याआधीच येतो. विजेच्या तारा असलेले रान वर्ज्य. ज्वारी काढल्यावर उरलेली धसकटे कापड फाडतात, म्हणून पडीक गवताळ जमीन शोधावी. भारतात १९३४ च्या विमान कायद्याने विमानाच्या व्याख्येत पतंगही धरला होता. विमानतळाजवळ परवानगीशिवाय तो उडवू नये.

जुना पतंग घेताना कापडाला तोंड लावून हवा ओढून पाहतात. सहज आत आली तर कापडाचा लेप गेला आहे आणि मंद वाऱ्यात तो पतंग उठणार नाही. मग चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून सारख्या ताणाने ओढायच्या. जोडीतल्या दोन दोऱ्यांत दोन सेंटिमीटरहून जास्त फरक निघाला तर पतंग एका अंगाला ओढतो. लांब दोरी गाठ मारून आखूड करू नये, गाठीपाशी दोरीची ताकद बरीच घटते. आखूड राहिलेली दोरी ताणून किंवा टोकाची जोडदोरी बदलून जोडी जुळवावी.