कावळ्याने काय केले होते?

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत पावसाने कावळ्याचे शेणाचे घर वाहून गेले की चार-पाच वर्षांचे मूल हमखास विचारते, "आई, कावळ्याने काय केले होते?" घर गेले म्हणजे अपराध घडलाच असणार, अशी त्याची खात्री असते.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी 1932 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मुलांना सांगितलेली अशीच एक गोष्ट आहे. सफरचंदे चोरून पळणारा मुलगा कुजक्या पुलावरून पाण्यात पडतो. चोरी न करता तो त्याच पुलावरून गेला असता, तरी पडला असता का? लहान मुलांपैकी बहुतेक "नाही" म्हणाली, जणू पुलालाही चोरी कळली होती. मोठी माणसेही याला अपवाद नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी 45 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कृष्णा 57 फुटांपर्यंत चढली. असा पूर येतो तो पाणलोट क्षेत्रातील अतिवृष्टीने आणि धरणांतून सोडाव्या लागणाऱ्या पाण्याने. त्याला पापाचे फळ म्हणणारी मोठी माणसे बालपणीचाच तर्क पुढे चालवतात आणि ज्याचे घर बुडाले त्यालाच आरोपी ठरवतात.

मग मूल उत्तरासाठी आईकडे का वळते? आईवरचा त्याचा विश्वास आंधळा असतो, हा समज खरा नाही. मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या कॅथलीन कोरिव्हो, पॉल हॅरिस आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे पाच वर्षांच्या मुलांना दोन प्राण्यांच्या मिश्रणाची चित्रे दाखवली. समजा, चित्र अर्धे गायीचे आणि अर्धे घोड्याचे आहे. आई त्याला गाय म्हणते, अनोळखी बाई घोडा म्हणते. तान्हेपणी ज्यांचे आईशी नाते आश्वस्त होते, त्या मुलांनी येथे आईचे ऐकले. परंतु चित्र तीन-चतुर्थांश घोड्याचे असताना आई गाय म्हणाली, तेव्हा त्याच मुलांनी अनोळखी बाईचे म्हणणे मान्य केले. आईपासून अंतर राखणाऱ्या मुलांचा कल आईकडे कमी होता, तर नात्यात धास्तावलेली मुले डोळ्यांसमोरचा पुरावा काहीही असो, आईवर अधिक विसंबून राहिली. म्हणजे ज्याला आईची खात्री आहे, त्याला तिचे म्हणणे नाकारण्याचीही मुभा वाटते. मला हा निष्कर्ष विलक्षण सुंदर वाटतो.

कावळ्याच्या अपराधाचा प्रश्न मला त्या अर्ध्या-अर्ध्या चित्रासारखा वाटतो, कारण गोष्टीत त्याचा पुरावा नसतो आणि तेथे आईचाच शब्द वजनदार ठरतो. "काहीच केले नव्हते, बाळा, घर शेणाचे होते आणि पाऊस फार झाला," असे तिने सांगितले, की मुलाचा पुढचा प्रश्न पावसाबद्दल राहत नाही. तो विचारतो, "मग चिमणीने दार लवकर का नाही उघडले?"