व्यसनावर औषधाचा उतारा: एका जुन्या संशयाची पार्श्वभूमी

हेरॉइनच्या व्यसनावर मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही अफूच्याच जातीची औषधं सुरू करायची म्हटलं की घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे एक व्यसन सोडवायला दुसरं लावणार?’ डॉक्टर मंडळी या प्रश्नावर वैतागतात. पण तो अडाणीपणातून आलेला नाही. वैद्यकाने या बाबतीत लोकांचं तोंड इतक्यांदा पोळलंय की त्यांनी ताक फुंकून पिणं साहजिक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुणाने अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. 1850 च्या दशकात इंजेक्शनची सुई आली आणि तिच्यासोबत एक सोयीस्कर समजूतही आली: औषध पोटात न जाता कातडीखाली गेलं तर त्याची चटक लागत नाही. झालं नेमकं उलट. मॉर्फिनच्या आहारी गेलेल्यांमध्ये डॉक्टरांचीच संख्या डोळ्यांत भरण्याइतकी होती.

मग मॉर्फिनवर उतारा म्हणून कोकेन पुढे आलं. 1884 मध्ये व्हिएन्नातल्या सिग्मंड फ्रॉइड या 28 वर्षांच्या डॉक्टरने कोकेनची भलावण करणारा निबंध लिहिला. मनोविश्लेषण वगैरे अजून दूर होतं. त्याला नाव कमावायचं होतं. त्याचा मित्र एर्न्स्ट फॉन फ्लाइश्ल-मार्क्सो हा हुशार शरीरक्रियाशास्त्रज्ञ. शवविच्छेदन करताना जंतुसंसर्ग होऊन त्याचा अंगठा कापावा लागला होता आणि उरलेल्या थोटकातल्या असह्य कळांवर तो मॉर्फिन घेत होता. फ्रॉइडने त्याला कोकेन सुचवलं. सुरुवातीचे काही दिवस गुण आल्यासारखं वाटलं. पुढे मॉर्फिन तर सुटलं नाहीच, कोकेनचा डोस मात्र चढत गेला आणि कातडीवर किडे, साप वळवळत असल्याचे भास सुरू झाले. 1891 मध्ये तो गेला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते याला.

1898 मध्ये बायर कंपनीने खोकल्याचं औषध म्हणून हेरॉइन बाजारात आणलं. मॉर्फिनपेक्षा हे निर्धोक, असा तेव्हाचा बोलबाला होता. काही डॉक्टरांनी ते मॉर्फिन सोडवायलाही वापरून पाहिलं. पुढचं सांगायला नको. त्याच सुमारास अमेरिकेत लेस्ली कीली नावाचा डॉक्टर ‘सोन्याचं इंजेक्शन’ देऊन दारू सोडवत होता. त्यात नक्की काय आहे हे त्याने कधीच उघड केलं नाही, पण गिऱ्हाइकांची रीघ होती. तिथल्या रुग्णांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी काढलेल्या मंडळांचा उपयोग त्या इंजेक्शनपेक्षा जास्त झाला असावा, असं मला वाटतं. 1935 मध्ये दोन दारुड्यांच्या भेटीतून उभी राहिलेली अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही संघटना याच आधाराच्या बळावर चालते, तीही फी न घेता.

दारूच्या औषधांची वाट निराळी होती. 1940 च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोब्सेन हे दोघे संशोधक जंतांवर डायसल्फिरम चालेल का हे तपासत होते. सवयीप्रमाणे त्यांनी आधी स्वतःच गोळ्या घेतल्या. नंतर थोडीशी दारू पोटात गेली आणि चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ सुरू झाली. कारण असं: दारू पचताना अॅसिटाल्डिहाइड हा विषारी पदार्थ तयार होतो, आणि तो मोडून काढणारं विकरच हे औषध बंद पाडतं. तलफ तशीच राहते, पिण्याची भीती तेवढी बसते. त्यामुळे ज्याला प्यायचीच आहे तो गुपचूप गोळी टाळतो. घरचं कुणी रोज समोर उभं राहून गोळी देत असेल तिथे हे औषध चांगलं चालतं, हा अनुभव जुना आहे.

अफूच्या व्यसनाकडे वळायचं तर मध्ये कायदा आडवा येतो. अमेरिकेत 1914 च्या हॅरिसन कायद्याने अफू-कोकेनच्या व्यवहारावर नियंत्रण आलं. 1919 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, व्यसनी माणसाला विड्रॉवलचा, म्हणजे नशा तुटल्यावर होणाऱ्या तडफडीचा, त्रास होऊ नये एवढ्यासाठी मॉर्फिन लिहून देणं हा वैद्यकीय उपचार नव्हेच. डॉक्टरांवर खटले भरले गेले, अशी औषधं देणारे दवाखाने बंद पडले. ब्रिटनमध्ये 1926 साली रोलस्टन समितीने बरोबर उलटा निष्कर्ष काढला: व्यसन हा आजार आहे, आणि काही रुग्णांना ठरावीक मात्रा चालू ठेवणं हा रास्त उपचार आहे. रोग तोच, पण समुद्राच्या एका काठावर तो गुन्हा ठरला.

अमेरिकेने 1935 मध्ये केंटकीतल्या लेक्सिंग्टन इथे अर्धं रुग्णालय, अर्धा तुरुंग असं केंद्र उघडलं. मोकळी हवा, शेतीकाम, महिनोन्महिने सक्तीचा संयम. माणसं धडधाकट होऊन बाहेर पडत आणि बहुतेक जण पुन्हा घसरत. अंगातून विष काढणं आणि व्यसन बरं करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कुठे दिसलं नव्हतं.

लेक्सिंग्टनमध्ये काही काळ काम केलेल्या मानसोपचारतज्ज्ञ मेरी निस्वांडर आणि चयापचयाचे संशोधक व्हिन्सेंट डोल यांनी 1964 मध्ये न्यूयॉर्कमध्ये प्रयोग सुरू केला. आधी त्यांनी मॉर्फिनच देऊन पाहिलं. रुग्ण एकतर पेंगत, नाहीतर पुढच्या डोसची वाट पाहत बसत. मग त्यांना मेथाडोनवर आणलं. हे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जर्मनीत तयार झालेलं वेदनाशामक. काही दिवसांत चित्र पालटलं. एकाने चित्रं काढायला घेतली, दुसरा शाळेचं राहिलेलं शिक्षण पुरं करायचं म्हणून मागे लागला. 1965 मध्ये 22 रुग्णांवरचा निबंध प्रसिद्ध झाला.

सगळी मेख वेगात आहे. टोचलेलं हेरॉइन क्षणांत मेंदूत चढतं आणि काही तासांत उतरतं. माणूस दिवसातून तीन-चार वेळा नशा आणि विड्रॉवल यांच्यात हेलकावत राहतो. तोंडाने घेतलेलं मेथाडोन हळू चढतं आणि दिवसभर पुरतं. मात्रा नीट बसवली की झिंगही नाही आणि तडफडही नाही. शरीर औषधावर अवलंबून असतं हे खरंच. पण दिवस मिळवण्याच्या धडपडीत जात नाही, कामाला जाता येतं. फ्रॉइडचं कोकेन आणि बायरचं हेरॉइन यांत हे नव्हतं. तीही झटपट चढून झटपट उतरणारीच औषधं होती.

ब्युप्रेनॉर्फिनने पुढचं पाऊल टाकलं. त्याचा परिणाम एका मर्यादेनंतर वाढत नाही, त्यामुळे एकट्या या औषधाने श्वास बंद पडण्याचा धोका बराच कमी. 1996 च्या सुमारास फ्रान्सने साध्या फॅमिली डॉक्टरांनाही ते लिहून देण्याची मोकळीक दिली आणि 1995 ते 1999 या काळात तिथले अतिसेवनाचे मृत्यू सुमारे 79 टक्क्यांनी घटले. सगळं श्रेय एकट्या गोळीला देता येणार नाही, पण मोठा वाटा तिचाच. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन्ही औषधं अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

ही औषधं घाईने बंद केली तर काय होतं, हेही आता नीट माहीत आहे. काही आठवडे नशा सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. मग जुन्याच सवयीने घेतलेला जुना डोस जीव घेतो. तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे म्हणूनच सर्वात धोक्याचे मानले जातात.

अमेरिकेत ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारी खास परवानगी 2022 च्या अखेरीस कायद्याने रद्द झाली. मेथाडोन मात्र या उपचारासाठी अजूनही नेहमीच्या औषधाच्या दुकानात मिळत नाही. वेगळा परवाना असलेल्या केंद्रावरच जावं लागतं, आणि सुरुवातीच्या काळात तरी त्यासाठी वारंवार खेटे घालावे लागतात.