पपई नर की मादी? फूल उघडून बघा

ठाण्यात पपई फारशी कुणी लावत नाही, ती उगवते. नौपाड्यातल्या जुन्या चाळीमागे, घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या कुंपणाशी, कधी कंपाउंडच्या भिंतीतल्या फटीतही. माणसाच्या उंचीची झाली की कुणीतरी निकाल देतंच, "हा नर आहे, फळ नाही धरायचा. तोडून टाका." पुष्कळदा तेव्हा फूलही आलेलं नसतं! पानावरून किंवा खोडावरून पपईचं लिंग ओळखता येत नाही. फुलाची वाट बघावीच लागते.

नर झाड लांबूनच कळतं. पानांच्या बेचक्यातून हात-दीड हात लांबीचे, फाटे फुटलेले देठ खाली लोंबतात आणि त्यांवर बारीक नळीसारखी फुलं झुबक्यांनी लागतात. मादीचं फूल आखूड देठावर, खोडालगत, एकटंदुकटं आणि चांगलं टपोरं. त्याच्या पाच पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या असतात. त्या बाजूला केल्या की आत गोलसर अंडाशय दिसतो, पराग तयार करणारा पुंकेसर एकही नाही.

फसवतं ते तिसरं, उभयलिंगी झाड. त्याचंही फूल आखूड देठावरच येतं. पण पाकळ्या खाली जुळून नळी झालेली असते, आणि ती उघडली की लांबट अंडाशयाभोवती पिवळे पुंकेसर, बहुधा दहा. भूमध्य समुद्राकाठच्या कॅरोब या शेंगांच्या झाडामध्येही अशी तिन्ही प्रकारची झाडं असतात. तिथे तर फुलाला पाकळ्याच नाहीत.

उभयलिंगी पपई एकटी असली तरी फळते. मादीला मात्र दुसऱ्या झाडाचे पराग लागतात.

फळाचा आकारही बोलका असतो. मादीचं फळ गोलसर, उभयलिंगीचं लांबट. वाशीच्या एपीएमसीतून येणारी लांबट पपई उभयलिंगी झाडाची. ती स्वतःच्याच परागांवर धरलेली असेल, तर तिच्या बियांतून नर झाड येतच नाही. सरासरी दोन उभयलिंगींमागे एक मादी येते. कारण मादीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, उभयलिंगीत एक एक्स आणि नरातल्या वायचं एक निराळं रूप. दोन्हीकडून वाय आला की गर्भ जगत नाही. चारांतला एक वाटा असा गळतो. या हिशेबाचा पाया १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत हॉफमायर आणि हवाईत स्टोरी या संशोधकांनी स्वतंत्रपणे घातला.

तरी एप्रिल-मेमध्ये निकालाची घाई नको. कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाच्या काही फुलांतला अंडाशय खुरटतो आणि ती नुसती नर फुलं होऊन बसतात.

आणि तो खिळा? नर पपईच्या खोडात खिळा ठोकला की ती फळते, असं सांगणारे प्रत्येक सोसायटीत भेटतात. हवामान बदललं की काही नर झाडांना आपणहून थोडी उभयलिंगी फुलं येतात आणि लांब देठांना फळं लटकतात. खिळा न ठोकताही ती आली असती, पण ते पडताळायला बिनखिळ्याचं झाड कुणी शिल्लक ठेवत नाही.