लेकीने पालटलेलं पीटरचं शहर

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या बरोक, म्हणजे भरगच्च नक्षीच्या युरोपीय शैलीतल्या, इमारतींबाबत एक गल्लत हमखास होते. शहर वसवलं झार पीटर पहिल्याने, १७०३ मध्ये. म्हणून तिथला सगळा झगमगाटही त्याच्याच खात्यावर जमा होतो. खरं तर तो बराचसा त्याच्या मुलीचा, एलिझावेता पेत्रोव्हनाचा.

बापाला हॉलंडची आटोपशीर शहरं आवडायची. त्याचा वास्तुकार दोमेनिको त्रेझ्झिनी याने नेव्हा नदीकाठी बांधलेला उन्हाळी महाल दोन मजली, चौदा खोल्यांचा. सुखवस्तू व्यापाऱ्याचं घर म्हणून सहज खपेल असा. सामान्य, सुखवस्तू आणि प्रतिष्ठित अशा तीन वर्गांसाठी घरांचे नमुना आराखडेही त्यानेच काढले. सपाट भिंती, बेताची नक्षी. तोही बरोकच, पण हात आखडता घेतलेला.

नोव्हेंबर १७४१ मध्ये गार्ड सैनिकांना हाताशी धरून एलिझावेताने एका रात्रीत गादी घेतली. नाच, मुखवट्यांच्या मेजवान्या आणि कपडे हे तिचे षोक. तिच्या पश्चात सुमारे १५,००० पोशाख निघाले म्हणतात. नेसलेला पोशाख पुन्हा नेसणं जिला नको, तिला बापाच्या सपाट भिंती कशा रुचणार?

तिला हवा तसा माणूस दरबारात होताच. बार्तोलोमेओ रास्त्रेल्ली किशोरवयात, १७१६ मध्ये, शिल्पकार वडिलांबरोबर रशियात आला होता. त्याची युक्ती अशी: बांधकाम विटांचं, वर गिलावा, गिलाव्याला रंग आणि त्यावर उठून दिसणारे पांढरे खांब. खांबही एकेकटे नाहीत. जोडीने, कोपऱ्यावर तर घोळक्याने. म्हणून तीनशे मीटर लांबीची भिंतसुद्धा कंटाळवाणी होत नाही. राखाडी आभाळाखाली हा रंगाचा खेळ फार खुलतो. (हिवाळी राजवाड्याचा आजचा हिरवा रंग मात्र विसाव्या शतकातला, मूळचा फिकट पिवळसर होता.)

बाईसाहेबांचं मन सतत पालटायचं. शहराबाहेरचा त्सारस्कोये सेलोचा महाल पुरा होईपर्यंत सहा वेळा पाडून बांधला, असं तिची भाचेसून कॅथरीन हिने आठवणींत खवचटपणे नोंदवलंय. पण हा नुसता लहरीपणा नव्हता. स्मोल्नी मठाच्या चर्चला रास्त्रेल्लीने पाश्चात्त्य पद्धतीचा एकच घुमट योजला होता. एलिझावेताने जुन्या रशियन चर्चसारखे पाच घुमट करायला लावले. इटालियन अंगावर चढवलेला हा मॉस्कोचा शिरपेच हीच या शैलीची खरी ओळख, आणि ती कल्पना वास्तुकाराची नव्हे, राणीची.

१७५४ मध्ये हिवाळी राजवाड्याचं काम निघालं. पैसा आला सरकारी दारूगुत्त्यांच्या उत्पन्नातून. पुढे युरोपातल्या सप्तवार्षिक युद्धाने तिजोरी आटली, काम लांबलं आणि वास्तुशांतीआधीच राणी गेली.

१७६२ मध्ये कॅथरीन गादीवर आली. तिला ग्रीक-रोमन संयम प्रिय. मावससासूबाईंच्या सोनेरी वेलबुट्टीचा तिला उबग होता. १७६३ मध्ये रास्त्रेल्ली निवृत्त झाला आणि वीस वर्षं चाललेली ही तऱ्हा तिथेच थांबली. स्मोल्नीचं चर्च १८३५ मध्ये वासिली स्तासोव्हने पुरं केलं. बाहेरून रास्त्रेल्लीचं, आत पांढरंशुभ्र, जवळजवळ कोरं. सुमारे १४० मीटर उंचीचा त्याचा घंटाघराचा मनोरा कधी उभा राहिलाच नाही; आज तो फक्त लाकडी प्रतिकृतीत दिसतो.